वाटेवरील झडती आणि शेतकऱ्याची विचारणा

खानदेशांतील शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशोबांत अक्षय्यतृतीयेइतका दुसरा दिवस महत्त्वाचा नाहीं. सालदाराचें जुनें साल त्या दिवशीं संपतें, नवें ठरतें, आणि देणें-घेणें चुकतें करावें लागतें. सन २०२४ मध्यें ही आखाजी १० मे रोजीं आली, आणि जळगांव व रावेर या दोन्ही लोकसभा मतदारसंघांचें मतदान १३ मे रोजीं होतें. त्या आठवड्यांत आमच्या परिचयाचे एक शेतकरी घरांत राहिलेला कापूस विकून आलेले एक लक्ष चाळीस हजार रुपये पिशवींत घेऊन लहानशा मालवाहू गाडींतून गांवीं परतत होते. वाटेंत नाकाबंदी होती. गाडी थांबविण्यांत आली, बैठकीखालची पिशवी निघाली, रक्कम मोजली गेली आणि कागद मागण्यांत आला. कागद घरीं होता. रक्कम ठेवून घेण्यांत आली. रात्रीं ते आमच्याकडे आले तेव्हां आम्हीं पहिला प्रश्न केला, "पंचनाम्याची नक्कल कोठें आहे?" ते म्हणाले, "नक्कल मिळते हें आम्हांस ठाऊक नव्हतें, भाऊसाहेब." आम्हीं दुसरा प्रश्न केला, "सही कशावर केली?" ते म्हणाले, "जेथें बोट ठेविलें तेथें केली."

रक्कम पुढें परत मिळाली. व्यापाऱ्याची पट्टी व बँकेचें पुस्तक पाहून समितीनें ती सोडली. परंतु तोंपर्यंत मतदान होऊन गेलें होतें, आखाजी उलटली होती, आणि त्या घरीं सात वर्षें राबलेला सालदार दुसरीकडे साल धरून निघून गेला होता. पैसा एका रुपयानेंही कमी झाला नाहीं. गेला तो मालकाचा शब्द आणि घरचा माणूस. वाटेवरील झडतीची खरी किंमत ही अशी असते, आणि ती कोणत्याही सरकारी नोंदींत येत नाहीं.

या प्रसंगावरून आमच्या वाचकबंधूंपुढें एक विचार मांडावा असें आम्हांस वाटलें. आमचा शेतकरी पोलिसापुढें दोनच प्रकारें वागतो. एक तर तो हात जोडून सर्व निमूटपणें सोसतो, नाहीं तर चिडून हुज्जत घालतो आणि नसता गुन्हा अंगावर ओढवून घेतो. या दोहोंच्या मध्यें तिसरा एक मार्ग आहे. तो म्हणजे शांतपणें, आदरानें, परंतु स्पष्टपणें विचारणा करण्याचा. ही विचारणा म्हणजे उद्धटपणा नव्हे. कायद्यानें जो हक्क दिला आहे तो मागणें यांत अधिकाऱ्याचा अपमान नाहीं, आणि न मागणें यांत शेतकऱ्याची सभ्यताही नाहीं. त्यांत केवळ अज्ञान आहे.

प्रथम पोलिसांची बाजू न्यायबुद्धीनें पाहूं. आपला मुलूख सीमेवरचा आहे. धुळें येथून शिरपूरमार्गें पळासनेरपर्यंत आग्र्याचा हमरस्ता जातो व पुढें सेंधव्यास मिळतो. सुरतेहून नागपुरास जाणारा रस्ता नवापूर, धुळें, जळगांव, भुसावळ असा आपल्या अंगणांतूनच गेलेला आहे. शिरपूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यांत गांजाची चोरटी लागवड वारंवार पकडली जाते. चोपड्याच्या उत्तरेस सीमेपलीकडील उमर्टी हें गांव गांवठी पिस्तुलांकरितां कुप्रसिद्ध आहे. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ पासून बंदी आहे आणि तो शेजारच्या प्रांतांतून येतो. अशा मुलखांत पोलिसांनीं गाड्या थांबवूं नयेत असें म्हणणारा मनुष्य विचारी नव्हे. हीं पिस्तुलें शेवटीं कोणाच्या तरी मुलाच्या छातीवर रोखलीं जातात, आणि तो मुलगा आपल्याच गांवचा असतो.

परंतु याच मुलखानें दुसरी एक गोष्टही पाहिली आहे. १९७१ च्या अधिनियमान्वयें महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, आणि स्वतःच्या रानांत पिकविलेला कापूस सीमेपलीकडे नेणें हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरला. त्या काळांत सीमेवरच्या गांवांत रात्रीं चाललेल्या बैलगाडीकडेही संशयानें पाहिलें जाई. पुढें ती योजना लयास गेली, कापूस मोकळा झाला. परंतु गाडी अडविली कीं आपण कांहीं तरी चुकलों आहोंत, असें मनोमन मानण्याची जी सवय त्या पिढीस लागली, ती पुढच्या पिढीनेंही उचलली. कायदा गेला, भय उरलें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. रस्त्यावर तीन निरनिराळ्या क्रिया घडतात आणि आमचा शेतकरी त्या तिन्ही एकच समजतो. पहिली क्रिया गाडी थांबविण्याची. पोलिसानें इशारा केला कीं गाडी थांबविलीच पाहिजे. त्यांत वाद नाहीं. दुसरी क्रिया कागद पाहण्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम १३० प्रमाणें गणवेशांतील कोणत्याही पोलिसानें मागतांच चालकानें अनुज्ञप्ति दाखविली पाहिजे. येथें 'गणवेशांतील' हा शब्द ध्यानांत ठेवावा. मूळ कागद जवळ नसला तरी नियमांत २०१८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें डिजिलॉकरमधील प्रत चालते. पोलिसानें अनुज्ञप्ति ठेवून घेतली तर त्याबद्दल तात्पुरती पोंच देण्याचें बंधन त्याच अधिनियमाच्या कलम २०६ नें त्याच्यावर घातलें आहे. ती पोंच मागून घ्यावी.

तिसरी क्रिया झडतीची. ही पहिल्या दोहोंहून सर्वस्वी भिन्न आहे. कागद पाहण्याच्या अधिकारांतून पिशवी उघडण्याचा अधिकार आपोआप उत्पन्न होत नाहीं. झडतीस स्वतंत्र कारण लागतें, आणि तें कारण कोणत्या तरी कायद्यांत बसावें लागतें. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, ही १ जुलै २०२४ पासून अंमलांत आहे. तिच्या कलम १८५ प्रमाणें पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास अथवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास, एखाद्या गुन्ह्याच्या तपासास आवश्यक अशी वस्तु अमुक ठिकाणीं मिळेल असें मानण्यास सबळ कारण असेल, तर तें कारण व ती वस्तु लेखी नोंदवून वॉरंटावांचून झडती घेतां येते. 'ठिकाण' या शब्दांत वाहनाचाही समावेश होतो. या नोंदींच्या प्रति अठ्ठेचाळीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटाकडे गेल्या पाहिजेत, आणि ज्याच्या जागेची झडती झाली त्यानें अर्ज केल्यास त्यास त्या फुकट मिळतात. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमांत, रस्त्यावर कोणाजवळ चोरीचा माल असल्याचा प्रामाणिक संशय आल्यास तो तपासण्याचा अधिकार आहे. शस्त्रें, दारू, अंमली पदार्थ यांच्या कायद्यांतही आपापले अधिकार आहेत. म्हणजे पोलिसाजवळ अधिकार नाहीं असें नव्हे. परंतु प्रत्येक अधिकाराच्या मागें एक कायदा, एक दर्जाचा अधिकारी आणि एक संशयाचें कारण आहे. म्हणूनच "साहेब, ही झडती कोणत्या कायद्याखालीं व कशाच्या संशयावरून आहे?" हा प्रश्न निरर्थक नाहीं. तोच सर्व प्रकरणाचा पाया आहे.

अंमली पदार्थांच्या १९८५ च्या अधिनियमांत तर याहून मोठें संरक्षण आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणें मनुष्याच्या अंगाची झडती घ्यावयाची असेल, तर ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटासमोर व्हावी अशी मागणी करण्याचा त्यास हक्क आहे, आणि हा हक्क त्यास समजावून सांगणें हें अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०१० सालीं विजयसिंह जाडेजा यांच्या गुजरातमधील प्रकरणांत हें कर्तव्य काटेकोरपणें पाळलें पाहिजे असें ठरविलें. मात्र हें संरक्षण अंगाच्या झडतीपुरतें आहे. हातांतील पिशवीस किंवा गाडीस तें लागू होत नाहीं, हेंही त्याच न्यायालयानें सांगितलें आहे. अर्धी माहिती घेऊन भांडणाऱ्याची फजिती होते, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. स्त्रीच्या अंगाची झडती स्त्रीनेंच, आणि मर्यादा संभाळून, घ्यावयाची असते, हें मात्र सर्वत्र लागू आहे.

आतां पंचनाम्याविषयीं. या विषयावर बोलण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे, कारण महसूल खात्यांत कारकुनी करतांना पंचनामे लिहिण्यांतच आमचें अर्धें आयुष्य गेलें. पिकांच्या नुकसानीचे, वाळूच्या गाड्यांचे, अतिक्रमणाचे असे शेंकडों पंचनामे आम्हीं लिहिले. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्यांतील कित्येकांवर पंचांच्या सह्या मजकुराच्या आधीं झालेल्या होत्या. चावडीवर बसलेले दोन भले गृहस्थ कोऱ्या कागदाच्या तळाशीं सही करीत आणि निघून जात, आणि आम्ही सायंकाळीं दिव्याखालीं वरचा मजकूर भरीत असूं. त्यांत लबाडीचा हेतु नव्हता. वेळ वांचविण्याचा होता. परंतु ज्याच्याविरुद्ध तो कागद जाई, त्याच्या दृष्टीनें हेतूचा उपयोग काय? कोरा कागद हें कोऱ्या मनाचें लक्षण नव्हे. तें भरणाऱ्याच्या मर्जीचें लक्षण आहे. हें आज लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, परंतु ज्यानें चूक केली त्यानेंच ती दाखविली तर तिजवर विश्वास बसतो.

झडतीस परिसरांतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित साक्षीदार असावेत हा नियम कांहीं नवा नाहीं. १८९८ च्या फौजदारी संहितेंत तो कलम १०३ होता, १९७३ च्या संहितेंत कलम १०० झाला, आणि नव्या संहितेंत पुन्हां कलम १०३ होऊन बसला आहे. सव्वाशे वर्षांत आंकडा फिरून मूळ जागीं आला, परंतु नियम बदलला नाहीं, यावरून त्याचें महत्त्व दिसतें. जागेच्या ताबेदारास झडतीच्या वेळीं हजर राहूं द्यावें, सांपडलेल्या वस्तूंची यादी करावी, तिजवर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि यादीची प्रत त्यास द्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. नव्या संहितेनें कलम १०५ घालून यांत मोठी भर टाकली. झडतीची, जप्तीची व यादीवरील सह्यांची सर्व क्रिया ध्वनि-चित्र स्वरूपांत, शक्यतों मोबाइलवर, मुद्रित केली पाहिजे आणि ती मुद्रणें विनाविलंब मॅजिस्ट्रेटाकडे पाठविली पाहिजेत. आमच्या मतें शेतकऱ्याच्या हातीं आलेलें हें गेल्या शंभर वर्षांतील सर्वांत उपयुक्त साधन आहे. कारण सहीचा कागद मागाहून भरतां येतो. चालू चित्र मागाहून भरणें तितकें सोपें नाहीं.

हें चित्र किती कामास येतें याचें उदाहरण मुंबईंत २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस घडलें. कालिना भागांत खार पोलीस ठाण्याच्या पथकानें एका इसमाची झडती घेतली. जवळच्या कॅमेऱ्याच्या चित्रांत एक पोलीस त्याच्या खिशांत कांहीं ठेवीत असल्याचें दिसलें. इसम सुटला आणि चार पोलीस निलंबित झाले. सर्व पोलीस असे असतात असें आम्ही म्हणत नाहीं. प्रामाणिक पोलिसासही या चित्राचा तितकाच आधार आहे, कारण त्याच्यावर खोटा आळ घेणारेही कमी नाहींत. ज्यास लपवावयाचें नाहीं त्यानें दिव्याला भिऊं नये, हें दोन्ही बाजूंस लागू आहे. आपणही आपल्या मोबाइलवर, अंतर राखून व कामांत अडथळा न आणतां, चित्रण करावें. पोलीस ठाणें हेंसुद्धां शासकीय गुपितें अधिनियमांतील प्रतिबंधित स्थळ नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२२ सालीं दिला आहे. मग हमरस्ता तर सर्वांचाच आहे.

निवडणुकीच्या काळांतील रोख रकमेचा प्रश्न आमच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा आहे. पन्नास हजारांवर रक्कम जवळ असणें हाच गुन्हा, अशी सार्वत्रिक समजूत झाली आहे. ती चुकीची आहे. निवडणूक आयोगाच्या २०१५ च्या कार्यपद्धतींत जें लिहिलें आहे तें असें, कीं उमेदवार, त्याचा प्रतिनिधि किंवा पक्षाचा कार्यकर्ता ज्या गाडींत आहे, अथवा ज्या गाडींत प्रचाराचें साहित्य आहे, तींत पन्नास हजारांहून अधिक रोकड सांपडल्यास ती जप्तीस पात्र होते. तपासणी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी आणि तिचें चित्रण व्हावें, असेंही त्यांत आहे. स्त्रीजवळची पर्स स्त्री अधिकारी असल्यावांचून तपासूं नये, असा स्पष्ट निर्देश आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जप्तीविरुद्ध दाद कोठें मागावी हें जप्तीच्या कागदावरच लिहिलें पाहिजे व त्या मनुष्यास तोंडीही सांगितलें पाहिजे. दाद ऐकण्यास जिल्ह्यांत तीन अधिकाऱ्यांची समिति असते. जेथें गुन्हा दाखल नाहीं, किंवा रकमेचा उमेदवाराशीं संबंध नाहीं, अशीं प्रकरणें तिनें आपण होऊन तपासावयाचीं असतात. गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपलीकडे रक्कम अडकवून ठेवतां येत नाहीं.

आमच्या परिचिताच्या हातीं जप्तीचा कागद पडला असता आणि त्यानें तो वाचला असता, तर दुसऱ्याच दिवशीं त्याचा अर्ज समितीपुढें गेला असता, आणि मतदानाची वाट पाहावी लागली नसती. तथापि दोष सर्वस्वी नाक्यावरच्या माणसांचा नाहीं. पट्टी घरीं ठेवून लाखाची रक्कम पिशवींत घालणारा शेतकरीही थोडा दोषी आहे. व्यापाऱ्याची पट्टी, बाजार समितीची पावती, बँकेंतून रक्कम काढल्याची नोंद आणि सातबाऱ्याचा उतारा यांचीं छायाचित्रें मोबाइलमध्यें असण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

जनावरांच्या वाहतुकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. गोवंशाच्या वधावर बंदी घालणारी दुरुस्ती महाराष्ट्रांत मार्च २०१५ पासून अंमलांत आली. त्या कायद्याखालीं वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार उपनिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या पोलीस अधिकाऱ्यास अथवा शासनानें अधिकृत केलेल्या व्यक्तीस आहे. म्हणजे तो कोणाही वाटसरूस नाहीं, गळ्यांत उपरणें घातलेल्या टोळक्यास नाहीं, आणि एकट्या शिपायासही आपल्या मर्जीनें नाहीं. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें या कायद्याचीं कांहीं कलमें रद्द केलीं. त्यांत निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारें कलमही होतें. बाजारांतून बैलजोडी घेऊन घरीं येणारा शेतकरी हा चोर नव्हे. त्यानें बाजाराची पावती व जनावरांच्या कानांतील बिल्ल्यांचे क्रमांक जवळ ठेवावे, आणि अधिकार नसलेल्या माणसानें गाडी अडविल्यास वाद न घालतां ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. येथें पोलीस हा आपला शत्रु नसून आपला आश्रय आहे, हें विसरूं नये.

जमावानें झडती घेण्याचा अधिकार हातीं घेतला म्हणजे काय होतें, हें धुळें जिल्ह्यास सांगावयास नको. १ जुलै २०१८ रोजीं साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे समजून जमावानें पांच निरपराध भटक्या लोकांस ठार मारिलें. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षेस आलेले होते. त्यानंतर सोळा दिवसांनीं, १७ जुलै रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें तहसीन पूनावाला यांच्या अर्जावर निकाल देऊन जमावाची हिंसा रोखण्यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्यें धुळ्याहून मुंबईस जाणाऱ्या आगगाडींत जळगांव जिल्ह्यांतील एका वृद्ध प्रवाशाचे डबे सहप्रवाशांनीं संशयावरून तपासले आणि त्यास मारहाण केली. जो समाज अधिकाऱ्यास "कोणत्या कायद्यानें?" असें विचारण्यास कचरतो, तो जमावासही तें विचारूं शकत नाहीं. म्हणून ही संवय रस्त्यावरच लागली पाहिजे.

नाशवंत मालाविषयींही दोन शब्द. रावेर, यावल, चोपडा या भागांतून केळींच्या गाड्या दिल्लीपर्यंत जातात. वैशाखांत केळींची गाडी एक दिवस उन्हांत उभी राहिली तर माल बागवानाचा न राहतां उकिरड्याचा होतो. संहितेच्या कलम १०६ प्रमाणें जप्त केलेली वस्तु न्यायालयांत नेणें अथवा योग्य रीतीनें साठविणें गैरसोयीचें असेल, तर हमीपत्र घेऊन ती कोणाच्याही स्वाधीन करण्याची मुभा पोलिसांस आहे. ही मुभा लेखी अर्जानें मागावी. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारांत गंजत ठेवूं नयेत, हमी व छायाचित्रें घेऊन त्या लवकर परत कराव्यात, असें सर्वोच्च न्यायालयानें सुंदरभाई देसाई यांच्या प्रकरणांत २००२ सालींच सांगून ठेविलें आहे.

येथें कोणी विचारील कीं झडती बेकायदेशीर असेल तर ती तेथल्या तेथें कां नाकारूं नये? याचें उत्तर असें. अंगानें प्रतिकार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ अन्वयें सरकारी नोकरावर बळाचा वापर केल्याचा गुन्हा लागूं शकतो, आणि मग मूळ प्रश्न बाजूस राहून आपणच आरोपी होतों. झडतीस आपली संमति नाहीं एवढें स्पष्ट शब्दांत बोलावें, तें चित्रणांत येऊं द्यावें, आणि हात मागें ठेवावे. दुसरी गोष्ट अशी कीं आपल्या देशांत झडती बेकायदेशीर ठरली म्हणून तींत सांपडलेला पुरावा आपोआप बाद होत नाहीं; १९७३ च्या पूरणमल प्रकरणापासून हाच कायदा आहे. अमेरिकेंत याच्या उलट नियम आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं असेंही ठरविलें कीं वाहतुकीच्या कारणानें थांबविलेली गाडी तें काम संपल्यावर, संशयाचें कारण नसतां, झडतीसाठीं अडकवून ठेवतां येत नाहीं. इंग्लंडांत १९८४ च्या कायद्यानें झडतीपूर्वीं पोलिसानें आपलें नांव, ठाणें व झडतीचें कारण सांगणें बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा सरसकट नियम नसल्यामुळेंच तो प्रश्न आपण विचारणें अधिक आवश्यक झालें आहे.

विचारणेचा क्रम आम्ही असा सुचवितों. प्रथम नमस्कार करून अधिकाऱ्याचें नांव, हुद्दा व ठाणें विचारावें. नंतर कायदा व कारण विचारावें. त्यानंतर पंच बोलवावेत व चित्रण व्हावें अशी विनंति करावी; पंच मिळेपर्यंत स्वतः गाडीजवळून हलूं नये. शेवटीं कागद वाचल्यावांचून सही करूं नये, कोऱ्या जागेवर रेघ ओढावी, हरकत असल्यास ती सहीच्या वर दोन ओळींत लिहावी आणि प्रत घेतल्यावांचून निघूं नये. एवढें केल्यावरही अन्याय झाला असें वाटल्यास त्याच आठवड्यांत पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जातां येतें. योग्य कारणावांचून त्रास देण्यासाठीं झडती घेणाऱ्या पोलिसास शिक्षा सांगणारें कलम १४७ महाराष्ट्र पोलीस अधिनियमांत १९५१ पासून आहे. तें कलम वापरांत नाहीं, कारण तक्रार लिहिणारा हात वापरांत नाहीं.

"मोठ्यांचें चालतें, आमचें कोण ऐकतो?" असें पुष्कळ वाचक म्हणतील. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. रस्त्यावर एकटा शेतकरी दुबळा आहे. परंतु कचेरींत इतकीं वर्षें बसून आम्हीं एक पाहिलें. तोंडी तक्रार करणारे शंभर आले तरी साहेबांचें पेन हलत नसे. एका लेखी अर्जानें, आवक क्रमांक पडतांच, तें हलत असे. कारण कागदास उत्तर द्यावें लागतें.

म्हणून आपल्या संघास आमची सूचना आहे. वर दिलेला विचारणेचा क्रम व कलमें एका पानावर छापून प्रत्येक सभासदाच्या गाडींत ठेवावीत. सभासदांच्या झडतीच्या तक्रारी एकत्र करून दर तीन महिन्यांनीं दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांस भेटावें. हंगामापूर्वीं नाक्यांवरील अधिकाऱ्यांस शेतमालाच्या पट्ट्या व पावत्या कशा असतात हें समजावून द्यावें. पुष्कळसा संशय अपरिचयांतूनच उत्पन्न होतो. आणि पंच म्हणून बोलावणें आलें तर कोणीही तोंड चुकवूं नये. परंतु पंच झालेल्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें तेवढ्यावरच सही करावी. आज दुसऱ्याच्या गाडीवर आपण डोळे मिटून केलेली सही उद्यां आपल्याच गाडीवर कोणी तरी तशीच करणार आहे.

आमचे परिचित पुढच्या आखाजीस नव्या सालदाराशीं करार करून बसले होते. त्यांच्या मोबाइलमध्यें पट्टीचें छायाचित्र होतें, आणि खिशांत घडी घातलेला एक कोरा अर्ज होता, वर "मा. पोलीस अधीक्षक यांचे सेवेशीं" इतकेंच लिहिलेलें. तो वापरण्याची पाळी न येवो, हीच सदिच्छा. परंतु तो खिशांत असावा, असें आमचें मत आहे.